उजवा पाय सरळ

संक्रांतीला आमचे हे काकूंच्या पाया पडायला वाकले, ते उठलेच नाहीत.

म्हणजे पडले-बिडले नाहीत. गुडघे टेकले, डोकं काकूंच्या पावलांवर ठेवलं आणि तसेच राहिले. पार्सिपनी गावातल्या काकूंच्या बैठकीच्या खोलीत आम्ही वीसेक माणसं होतो, प्रत्येकाच्या हातात तिळगुळाची वाटी. सगळ्यांना वाटलं, काय ही भक्ती! कोणीतरी ह्यांना म्हणालंसुद्धा, "काका, आमच्यासाठीपण थोडं मागा हं." सगळे हसले. मी मागे उभी होते आणि मला ह्यांची पाठ दिसत होती. ती भराभर वरखाली होत होती. मग त्यांनी एक हात जमिनीवर टेकला, दुसऱ्याने काकूंच्या खुर्चीचा पाय धरला आणि कसेबसे उठले. चेहरा राखेसारखा. वर मलाच म्हणतात, "गालिचा किती मऊ आहे नाही काकूंचा!"

काकू आमच्या नात्यातल्या कोणी नाहीत. छत्तीस वर्षांपूर्वी आम्ही दोन बॅगा घेऊन या देशात आलो, तेव्हा पहिले पाच महिने काकू-काकांच्या बेसमेंटमध्ये राहिलो. काका डॉक्टर, खूप आधी आलेले. ह्यांची आई हे सहा वर्षांचे असतानाच गेली. त्यामुळे एका भल्या बाईने रोज संध्याकाळी "जेवलास का रे?" असं विचारलं आणि आमचा माणूस कायमचा तिचा झाला. नवी नोकरी लागली, काकूंच्या पाया पडा. घर घेतलं, पडा. मुलगी झाली, हॉस्पिटलमधून मला घरी आणायच्या आधी गाडी काकूंच्या दारात! टाके ताजे आहेत, बाळ रडतंय, मी गाडीत चरफडतेय आणि हे आत जाऊन नमस्कार करून आले. एवढं ते वेड.

संक्रांतीहून परतताना गाडीत मी विचारलं, "काय होतंय तुम्हाला?"

"काही नाही गं. गॅस."

हा गॅस दिवाळीपासून चालू होता. जिना चढलं की गॅस, कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत ढकलला की गॅस. ओवा खाऊन झाला, पोटाला हिंग लावून झाला, दोन उशांच्या तीन उशा झाल्या. आणि मी? मी बावीस वर्षं एका लॅबमध्ये काम केलं. दुसऱ्यांच्या रक्ताचे रिपोर्ट बघून "ह्या माणसाने डॉक्टरकडे धाव घ्यायला हवी" असं सांगणारी बाई. माझ्याच घरात माणूस चार पायऱ्यांवर थांबत होता आणि मी त्याला ओवा भाजून देत होते! याचा राग मला आजही येतो. अर्धा त्यांचा, अर्धा माझा.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना हाताला धरून डॉक्टरकडे नेलं, आणि त्या आठवड्यातच अँजिओग्राफी झाली. तिन्ही रक्तवाहिन्या तुंबलेल्या, डावीकडची मुख्य वाहिनी तर अगदी तोंडाशीच. आत कॅल्शियम साचून दगड झालेला. हृदयाची ताकद निम्म्याहून कमी. बायपास करणारे सर्जन आले, फाईल चाळली, आणि फार सभ्यपणे म्हणाले की ह्या हृदयाला, ह्या मूत्रपिंडांना आणि ह्या फुफ्फुसांना एवढी मोठी शस्त्रक्रिया झेपणार नाही, मी हात लावणार नाही. मी ती फाईल पुन्हा त्यांच्यापुढे सरकवली. हे मात्र त्यांना "थँक यू फॉर युअर टाईम" म्हणाले. काय म्हणावं या माणसाला!

नंतर आली ती डॉक्टरीणबाई. चाळिशीची असेल, केसांचा घट्ट अंबाडा, पायात चक्क नारिंगी बूट. खुर्ची ओढून ती आमच्या समोर बसली आणि म्हणाली, एक मार्ग आहे. धोक्याचा आहे, पण आहे. वाहिन्यांमधला दगड बारीक यंत्राने घासायचा आणि स्टेंट घालायचे. अडचण अशी की मुख्य वाहिनीत फुगा फुगवला की तेवढा वेळ हृदयाचं रक्त अडतं, आणि एवढं थकलेलं हृदय तेवढ्यानेही बंद पडू शकतं. म्हणून आधी मांडीतल्या मोठ्या रक्तवाहिनीतून एक पंप आत सरकवायचा. पेन्सिलीएवढा. तो थेट हृदयाच्या डाव्या कप्प्यात जाऊन बसतो, तिथलं रक्त ओढतो आणि पुढे शरीरात सोडतो. आम्ही काम करू तेवढा वेळ तुमच्या हृदयाचं ओझं तो उचलेल. काम झालं की काढून घेऊ.

मी ऐकत होते ते फक्त "बंद पडू शकतं". आणि शेजारी बघते तर काय, आमचे हे खुर्चीत पुढे सरसावून बसलेले! तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांचे डोळे चमकत होते.

हे सांगायला हवं की ह्या माणसाने एकोणतीस वर्षं पंपांच्या कंपनीत काढली. कारखान्यांना लागतात ते पंप, आणि त्यांतही ह्यांचं काम सीलचं, म्हणजे पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो तिथून थेंबभरही गळू नये याचं. आमच्या घरात जेवताना दुसरा विषय नसे. लेकीने लहानपणी शाळेत निबंध लिहिला होता, माझे बाबा गळती थांबवतात.

"मिनिटाला किती लिटर?" ह्यांनी विचारलं.

"साधारण साडेतीन," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"आणि ओढायला पुरेसं रक्त नसेल तर? पंपाचं तोंड हृदयाच्या भिंतीला चिकटलं तर?"

ती हसली. "त्याचा अलार्म असतो."

"बेअरिंगमध्ये रक्त शिरून गोठत नाही?"

"उलट्या दिशेने सतत साखरेचं पाणी सोडतो आम्ही."

"वा!" आमचा माणूस म्हणाला. "वा! कोणी केलंय हे डिझाईन?"

मी म्हटलं, "अहो, सही करा आधी."

काकूंना सांगायचं नाही हे मी ठरवलं. काकू अठ्ठ्याऐंशीच्या. आणि काका ह्याच दुखण्याने गेले होते, वीसेक वर्षांपूर्वी. त्यांनाही सर्जन नाही म्हणाले होते, आणि तेव्हा काकांना दुसरं काही सुचवणारं कोणी भेटलं नाही. गोळ्या घेत दीड वर्ष काढलं आणि एका दुपारी खिडकीशेजारच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. अशा बाईला कशाला सांगायचं? आपल्याकडे ही सवयच आहे. म्हाताऱ्या माणसांपासून सगळं लपवायचं आणि त्यालाच माया म्हणायचं. काकूंचा फोन आला तर मी म्हटलं, "ह्यांना जरा सर्दी आहे." फ्रिस्कोहून विमानाने लेक आली होती, ती माझ्याकडे बघत राहिली. "आई, यू आर अ टेरिबल लायर," म्हणाली.

स्टेंट घालायच्या दिवशी सकाळी ह्यांना आत न्यायला आले. बाहेर बर्फ पडून गेलेलं, रस्ते चकचकीत. चाकांच्या पलंगावर हे उताणे, डोक्यावर ती कागदी टोपी. लेकीने त्यांच्या कपाळावर हात ठेवला. मला म्हणाले, "बेसमेंटमधल्या हीटरचा खालचा नळ जरा गळतो. मी नसलो तर वॉशर बदलून घे."

मी नसलो तर! माझं डोकंच फिरलं.

"बदला तुम्हीच परत येऊन!" मी म्हटलं. "चार महिने गॅस गॅस करून माझ्याशी खोटं बोललात. तेव्हा नाही सुचला नळ? घरी या, मग बघते तुमच्याकडे!"

आणि ते दार मिटलं.

साडेतीन तास. त्या प्रतीक्षागृहात भिंतीवर एक पडदा होता, त्यावर नावाऐवजी आकडे आणि रंग. ह्यांचा आकडा हिरवा म्हणजे आत काम चालू आहे. मी तो हिरवा रंग बघत बसले आणि मनात एकच, की छत्तीस वर्षं या परक्या देशात ज्याच्या भरवशावर काढली त्याला मी शेवटचं काय बोलले? "बघते तुमच्याकडे." देवा, एवढा एकदा परत दे. मी पुन्हा आवाज चढवून बोलणार नाही. लेक लॅपटॉप उघडून बसली होती, पण तासाभरात तिने एकही बटण दाबलं नाही. मी डब्यात धपाटे आणले होते, तेही तसेच राहिले.

पडद्यावरचा रंग बदलायच्या आधीच नारिंगी बूट दिसले. मी बाईच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस केलं नाही, बुटांकडेच बघत राहिले. ते भराभर येत होते.

"छान झालं," ती म्हणाली. "तिन्ही वाहिन्या उघडल्या. मुख्य वाहिनीत फुगा फुगवला तेव्हा त्यांचं हृदय जवळजवळ थांबलंच होतं. पण पंपाने प्रेशर धरून ठेवलं. आता पंपही काढलाय."

माझा जीव भांड्यात पडला. मी त्या बाईचे दोन्ही हात धरले आणि सगळं मराठीत बोलले. काय बोलले ते मला आठवत नाही. तिला कळलं मात्र असावं, कारण तिचेही डोळे ओले झाले. लेक जमिनीवरच बसली, डोकं माझ्या गुडघ्याला टेकून, लहानपणी बसायची तशी.

मग डॉक्टरीणबाईने बजावलं. जांघेतल्या मोठ्या धमनीला भोक पाडलं होतं, ते आतून टाके घालून बंद केलंय. सहा तास उजवा पाय सरळ. गुडघा वाकवायचा नाही, मान उचलायची नाही, हसायचं असेल तरी हळू.

आम्ही आत गेलो तेव्हा हे जागे होते. चेहऱ्यावर रंग आला होता, खरंच सांगते, कित्येक महिन्यांनी ओठ गुलाबी दिसत होते. मला वाटलं, आता काहीतरी हळवं बोलतील.

"विचारलंस का," ते म्हणाले, "साडेतीन लिटर पूर्ण मिळत होतं का?"

मी म्हटलं, "मिळत होतं हो, राजा." मी त्यांना कधी राजा म्हणत नाही. ते जरा घाबरलेच.

दुपारी तीनच्या सुमाराला खोलीचा पडदा सरकला. वॉकर घेऊन, बर्फाचे बूट, गळ्यात मफलर, आत काकू! सर्दीवर काकूंनी क्षणभरही विश्वास ठेवला नव्हता. चार घरी फोन करून सगळं काढून घेतलं, टॅक्सी बोलावली आणि खाली काउंटरवर सरळ सांगितलं, "मी त्याची आई आहे." आणि आता पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहून ह्यांच्याकडे बघत होत्या.

पुढचं जे झालं ते दोन सेकंदांत झालं. काकूंना बघितल्यावर ह्या माणसाला ना टाके आठवले, ना पाय, ना आपण कुठे आहोत ते. छत्तीस वर्षांची सवय. काकू आल्या की उठायचं आणि वाकायचं. दोन्ही कोपरं टेकली, उजवा गुडघा वर घेतला, आणि अर्धे उठले, हात पुढे करून.

"अहो!" मी ओरडले.

पांढऱ्या चादरीवर लाल डाग उमटला आणि बघता बघता पसरत गेला. ते आडवे झाले. "गरम लागतंय गं काहीतरी," म्हणाले. मशीन वाजायला लागलं. नर्स धावत आला, चांगला दांडगा पुरुष होता. त्याने चादर भिरकावली आणि दोन्ही हातांनी जांघेवर सगळा भार टाकला. आणखी दोघं आली. ह्यांचा चेहरा पुन्हा राखेसारखा, अगदी संक्रांतीला होता तस्सा. रक्तदाबाचा आकडा खाली खाली जात होता आणि मी भिंतीला पाठ लावून उभी. माझ्या मनात एकच. एवढ्या मोठ्या संकटातून वाचले आणि आता जाणार ते नमस्कारापायी? आणि माझ्या खोटेपणापायी? मी काकूंना वेळेवर सांगितलं असतं तर त्या सांगून आल्या असत्या, मी दारातच थांबवलं असतं. ती चूक नर्सची नव्हती, ह्यांचीही नव्हती. माझी होती.

त्या नर्सने पंचवीस मिनिटं हात उचलले नाहीत. त्याच्या हनुवटीवरून घाम टपकत होता. हळूहळू मशीनचा आवाज थांबला. आकडा वर चढायला लागला. डॉक्टरीणबाई येऊन गेली, सोनोग्राफीचं यंत्र फिरवून बघितलं. "थांबलंय," म्हणाली.

मग त्या नर्सने पाठ सरळ केली आणि विचारलं, "हे नक्की करत काय होते?"

लेक म्हणाली, "ह्या आजींच्या पायांना हात लावत होते."

त्याने एकदा ह्यांच्याकडे बघितलं, एकदा काकूंच्या बर्फाच्या बुटांकडे. भिंतीवरच्या फळ्यावर त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं, "उजवा पाय सरळ. वाकायचं नाही. कोणाहीपुढे नाही." खाली दोन रेघा ओढल्या.

हे क्षीण आवाजात म्हणाले, "एकोणतीस वर्षं दुसऱ्यांच्या गळत्या थांबवल्या, आणि बघ."

मी हसले आणि त्याच हसण्यात रडायला लागले. म्हणून मी बाहेर आले. काकू माझ्या मागोमाग आल्या, वॉकर टकटक करत.

"मला का नाही सांगितलंस?"

"काकू, तुम्हाला उगाच त्रास..."

"अगं, माझा नवरा ह्याच दुखण्याने माझ्यासमोर गेला," काकू म्हणाल्या. "आता मला आणखी काय त्रास द्यायचा राहिलाय? त्याच्यासाठी जागायचं होतं मला. तेवढंही नाही करू दिलंस." मी त्यांच्या गळ्यात पडले आणि माफी मागितली. काकूंनी मफलरच्या टोकाने आधी माझे डोळे पुसले, मग स्वतःचे.

तीन दिवसांनी आम्ही घरी आलो. चौथ्या दिवशी मी ह्यांच्यावर ओरडले, ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून. देवाला दिलेला शब्द तेवढाच टिकला. ते इतके खूश झाले म्हणता! "आता वाटलं घरी आल्यासारखं," म्हणाले.

मार्च गेला. आठवड्यातून तीनदा मी ह्यांना व्यायामाला नेत होते, चालवत होते. तीन उशांची पुन्हा एक झाली. हीटरचा वॉशर त्यांनी स्वतः बदलला, मी बाजूला टॉर्च धरून. एप्रिलमध्ये डॉक्टरीणबाई म्हणाली, आता सगळं करा. हे लगेच, "वाकू का?" ती खळखळून हसली. तिच्याही कानावर ती गोष्ट गेलीच होती.

त्याच शनिवारी काकूंकडे गेलो. काकू खिडकीशेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या, काकांच्या. हे पुढे झाले तशा काकूंनी झटकन दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"थांब. आधी तो पंप समजावून सांग मला."

मग काय विचारता! ह्यांनी एका पाकिटाच्या मागच्या बाजूला हृदय काढलं, कप्पे काढले, पेन्सिलीने पंप काढला. रक्त इथून ओढतो, इथे सोडतो. अर्धा तास. मी डोळ्यांनी खुणावतेय, पुरे करा, पण काकू चष्मा पुसून पुसून बघत होत्या. एकदा म्हणाल्या, "म्हणजे हृदयाला नुसती विश्रांती देतो म्हण की." ते म्हणाले, "हो काकू. नुसती विश्रांती."

काकूंनी तो कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

"आमच्या ह्यांच्या वेळी हे मिळालं असतं तर?"

मला वाटलं, आता हे "नक्की वाचले असते" म्हणतील, आपण म्हणतो तसं. पण तसं म्हणाले नाहीत. काकूंचा हात हातात घेतला. "कदाचित, काकू. कदाचित नाही. पण तुम्ही दोघांनी मला खाली ठेवून घेतलंत म्हणून मी आज इथे आहे, एवढं मला नक्की माहीत आहे."

काकूंनी कागदाची घडी केली आणि कमरेला खोचली. मग हळूच दोन्ही पावलं बाहेर काढली.

"वाक आता."

हे वाकले. गुडघे टेकले, डोकं ठेवलं. मी मागे उभी होते, संक्रांतीला होते तिथेच, आणि पाठ बघत होते. पाठ शांत होती. काकूंनी डोक्यावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटल्या. आणि हे उठले. खुर्चीला हात न लावता, जमिनीला हात न लावता, एका दमात. उठले आणि म्हणाले, "काकू, चहा मी टाकतो."

"तू ये गं," काकू मला म्हणाल्या.

मी पुढे झाले. वाकले. त्या सुरकुतलेल्या, गार पावलांवर डोकं ठेवलं आणि जानेवारीपासून आत कोंडून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. मला उठताच येईना. पाठ हलायला लागली. काकूंचा हात डोक्यावर होता, तो त्यांनी काढला नाही.

मागून आवाज आला.

"काय गं, गॅस का?"